गुरुजींची शाळा कोठे भरावी?

शिक्षकाने जन्मभर विद्यार्थी राहिले पाहिजे, याविषयी आपल्याकडे कोणाचेही दुमत नाही. मंत्र्यांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे हे वाक्य शिक्षकदिनाला न चुकता म्हणतात. मतभेद सुरू होतो तो पुढच्या प्रश्नावर. त्याने शिकावे कोठे, कोणाकडून आणि कशासाठी? माझे मत प्रारंभीच सांगून टाकते. शिक्षकांचे प्रशिक्षण सभागृहात नव्हे, वर्गात व्हावे. मुलांच्या समक्ष व्हावे. आणि फळ्याशेजारी आणून बसविलेल्या यंत्राला कोणी प्रशिक्षण समजू नये.

हा विषय महाविद्यालयाच्या वार्षिकात कशाला, असे कोणी विचारील. आपल्यापैकी कितीतरी जण बी. ए. झाल्यावर बी. एड. ची वाट धरणार आहेत. उद्या आपल्याच हाती खडू येणार आहे. शिवाय आपण राहतो त्या परिसराला या प्रश्नाची जुनी ओळख आहे. वारज्याच्या शिवेला लागून असलेल्या हिंगण्यात महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१७ साली स्त्रियांसाठी अध्यापिका शाळा काढली. बाईने शाळेत शिकावे हेच जेथे अवघड होते, तेथे तिने शिकवावे, आणि शिकविण्याआधी शिकविणे शिकावे, हा विचार आपल्या शेजारी शंभर वर्षांपूर्वी रुजला. जुन्या ट्रेनिंग कॉलेजांना सराव शाळा जोडलेली असे, ती काही इमारतीची शोभा म्हणून नव्हे. पोहणे पाण्यात शिकावे लागते, तसे शिकविणे मुलांत शिकावे लागते, एवढी साधी समजूत त्यामागे होती.

आज नोकरीतल्या शिक्षकाचे प्रशिक्षण कसे होते? आमच्या शेजारी राहणाऱ्या एक बाई प्राथमिक शाळेत शिकवतात. त्यांनी सांगितलेली हकीकत ऐकून प्रथम हसू आले, मग वाईट वाटले. साठ शिक्षक एका सभागृहात बसलेले, समोर पडदा, एक मार्गदर्शक. सकाळी सही, मग चहा, मग व्याख्यान, मग जेवण, मग पुन्हा व्याख्यान, शेवटी सामुदायिक छायाचित्र आणि मोबाईलवर भरावयाचा अभिप्राय. त्या दिवसाचा विषय होता ‘गटकार्याचे महत्त्व’. त्यावर दोन तास व्याख्यान झाले आणि गट एकही पडला नाही! मुलांना बोलते करा, असे ज्यांना सांगितले जात होते, त्यांना मात्र तोंड उघडायची सवड नव्हती.

दोष त्या मार्गदर्शकाचाही नाही. तोही वरून ऐकून आलेला. राज्यस्तरावर प्रशिक्षित झालेल्याने जिल्ह्याला शिकवायचे, जिल्ह्याने तालुक्याला, तालुक्याने केंद्राला, अशी ही उतरंड आहे. राज्यस्तरावरचे दही केंद्रापर्यंत येता येता ताक होते, आणि वर्गात पोहोचते ते पाणी.

तासांची कमतरता म्हणावी, तर तेही खरे नाही. शिक्षकाला दर पाच वर्षांत किमान दोन-तीन महिने सेवांतर्गत शिक्षण मिळावे, असे कोठारी आयोगाने १९६६ सालीच म्हटले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने दरवर्षी किमान ५० तासांची अपेक्षा ठेवली आहे. पाच वर्षांचे अडीचशे तास झाले. रोजचे सहा तास धरले तर सुमारे बेचाळीस दिवस. एवढ्या दिवसांत पुष्कळ काही होऊ शकते. परंतु ज्या प्रशिक्षणावर बारा वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतरची निवडश्रेणी अवलंबून असते, तेथे नजर प्रमाणपत्राकडे लागणे स्वाभाविक आहे. त्याबद्दल शिक्षकाला बोल लावण्यात अर्थ नाही. अडचण अशी की, शिक्षकाला शिकण्याची निकड भासते ती वर्गात अडल्यावर, आणि वर्गातली अडचण वेतनश्रेणीचे वर्ष पाहून येत नाही.

एक उदाहरण घेऊ. दुसरी-तिसरीतल्या मुलाला बावन्नातून अडतीस वजा करायला सांगा. उत्तर चौदा. परंतु पुष्कळ मुले सव्वीस लिहितात. का? आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. लहान आकडा मोठ्यातून वजा करायचा, असा नियम त्या मुलाने स्वतःच बनविलेला असतो आणि तो अगदी प्रामाणिकपणे पाळलेला असतो. दुसरा एखादा मुलगा बावन्न ऐकून पंचवीस लिहितो, कारण ‘बावन्न’ म्हणताना दोन आधी येतात आणि पन्नास मागून. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी पद्धत आली, तेव्हा विधिमंडळापासून चहाच्या टपरीपर्यंत महाराष्ट्रभर वाद रंगला. संस्कृती बुडाली म्हणणारे होते, टवाळी करणारेही होते. पण त्या पद्धतीने पंचवीस लिहिणारा मुलगा सुधारतो की नाही, हे शेवटी वर्गात त्याच्या पाटीवर वाकून पाहणारी बाईच सांगू शकते. तिला असे पाहायला आणि पाहिलेले इतरांना सांगायला शिकविणे, यालाच मी प्रशिक्षण म्हणते.

येथेच यंत्राचा प्रश्न येतो. मी यंत्रविरोधी नाही. परंतु पडद्यावरची चित्रफीत बरोबर उत्तर दाखविते. शिक्षकाला पाहावे लागते ते चुकलेले उत्तर. सव्वीस कोठून आले, हे चित्रफितीला ठाऊक नसते. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले की क्षणात शंभर प्रश्न तयार होतात. छान आहे, बाईंचा तेवढा वेळ वाचेल. पण त्यांतला कोणता प्रश्न कोणत्या मुलापुढे ठेवायचा, हे त्या मुलाला ओळखणाऱ्यानेच ठरवायचे.

पुण्याने या बाबतीत एक धडा पाहिलेला आहे. शालेय मुलांसाठी दूरचित्रवाणीचे कार्यक्रम तयार करणारी ‘बालचित्रवाणी’ १९८४ साली येथे सुरू झाली. तिने हजारो कार्यक्रम केले आणि २०१७ साली ती बंद झाली. बंद पडण्याची कारणे पैशाची आणि कारभाराची असतील. तथापि मला वाटते, कार्यक्रमाच्या आधी वर्गात काय करायचे आणि नंतर कोणते प्रश्न विचारायचे, हे जर प्रत्येक शाळेच्या हाडीमाशी खिळले असते, तर अशी संस्था बंद होताना शाळाशाळांतून हाक उठली असती. पेटी पोहोचविणे सोपे असते, पेटीभोवतीचे शिक्षण उभे करणे कठीण.

याउलट यंत्र कामाला आले ते कोठे? सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांचे क्यूआर कोड सर्वांच्या लक्षात राहिले. पण त्यांनी पाठ्यपुस्तकांतला मजकूर मुलांच्या घरच्या भाषेत, कन्नडमध्ये आणला, ही गोष्ट कमी जणांच्या लक्षात राहिली. आधी त्यांनी पाहिले की मुलाला भाषा अडते आहे. कोड त्यानंतर आला. आपल्या वारज्याकडे पाहा. १९९७ साली महापालिकेत आलेल्या या गावात, बाह्यवळण महामार्गाच्या कडेने इमारती उठल्या आणि त्या बांधणारे हात दूरदूरहून आले. त्यांची मुले शाळेत येतात ती हिंदी, कन्नड, तेलुगू, लमाणी घेऊन. अशा वर्गातल्या बाईंना दिल्लीहून किंवा मुंबईहून आलेली एकच चित्रफीत किती पुरणार?

मग उपाय काय? तो आपल्याच राज्यात झालेला आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधील शाळांत ज्ञानरचनावादी पद्धतीने काम उभे राहिले, तेव्हा राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. कोणी व्याख्यान ऐकून नव्हे, तर दुसऱ्या शिक्षकाचा वर्ग पाहून शिकले. अर्थात काही ठिकाणी त्याचीही नक्कल झाली. फरशीवर रंगीत आकडे उमटले आणि शिकविणे होते तेथेच राहिले. कारण एकदा पाहून भागत नाही, पुनःपुन्हा पाहावे लागते. जपानमध्ये हीच गोष्ट शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. शिक्षक मिळून पाठ आखतात, एकजण तो शिकवतो, बाकीचे मुलांकडे पाहत बसतात आणि नंतर चर्चा करतात. चर्चा शिक्षकाच्या गुणदोषांची नव्हे, तर कोणते मूल कोठे अडले याची.

वारज्यात हे करायला पैसा लागणार नाही. महापालिकेच्या आणि खासगी शाळा पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. महिन्यातून एका शनिवारी एका शाळेत एक पाठ व्हावा. चार शाळांतल्या पाच-सहा जणांनी मुलांशेजारी बसून तो पाहावा आणि मग तासभर बोलावे. आक्षेप ठरलेला आहे: त्या वेळी त्यांचे स्वतःचे वर्ग कोण सांभाळणार? आक्षेप रास्त आहे. शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका एवढीच शाळाबाह्य कामे शिक्षकाला देता येतात, असे २००९ साली ठरविले. तरीही माहिती भरण्याच्या कामांत त्याचे दिवस जातातच. त्यातून शनिवारचे दोन तास सोडविणे अधिकाऱ्यांच्या हाती आहे.

आणि थोडे आपल्याही हाती आहे. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजना आहे. वृक्षारोपण आणि स्वच्छता आपण करतोच. त्या शनिवारी, शाळांच्या संमतीने, आपण दोन तास मुलांना गोष्टी वाचून दाखवू शकणार नाही का? भाषा विभागातील प्राध्यापकांनी मनावर घेतले, तर मुलांच्या घरच्या बोलीतल्या नेहमीच्या दोनशे शब्दांची यादी करून बाईंच्या हाती देता येईल. ज्यांना पुढे शिक्षक व्हायचे आहे, त्यांना बी. एड. आधीच वर्गाचा वास लागेल.

कोणी म्हणेल, एवढ्याने शिक्षणपद्धती बदलत नसते. नसेल बदलत. परंतु सव्वीस लिहिणाऱ्या मुलाला कोणीतरी ‘हे कसे काढलेस रे?’ म्हणून विचारले, तर त्याचे गणित बदलते. आज त्याच्या वहीवर नुसती तांबडी फुली पडते, आणि फुल्या साठत गेल्या की एक दिवस तो शाळेत यायचाच थांबतो. येत्या वर्षी निदान एका शाळेपासून सुरुवात करावी, अशी सेवा योजनेच्या प्रमुखांना आणि माझ्या सहाध्यायांना माझी विनंती आहे.