विश्लेषण : मागच्या सीटला हवा कुठून? तीन दारांच्या गाडीला उघडती काच बसवावी का?

देवरी तालुक्यात, चिचगड-ककोडी भागात जीप म्हटली की बाजूची ताडपत्री गुंडाळून धावणारी गाडीच वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर येई. धूळ खावी लागे, पण मागे बसलेल्याचा जीव घुसमटत नसे. आता टणक छपराची तीन दारी ‘थार’ आली. नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी आणि २ ऑक्टोबर २०२० रोजी नव्या रूपात बाजारात आलेली ही गाडी दणकट आहे, देखणीही आहे. पण मागच्या दोघांच्या शेजारची मोठी काच तसूभरही उघडत नाही. म्हणूनच ‘ही काच उघडती करून मिळेल का?’ ही विचारणा गॅरेजांत होते.

हा प्रश्न नवा नाही. पोर्शे ९११ सारख्या दोन दारांच्या स्पोर्ट्स कारमध्ये १९६०च्या दशकातच मागची छोटी काच बिजागरीवर थोडी बाहेर उघडत असे. जुन्या स्पोर्ट्स कारचे शौकीन बंद काच काढून अशी उघडती काच आजही बसवून घेतात. आपल्याकडे प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या दारातली तिकोनी काच आठवा. एसी नसलेल्या काळात तीच एसी होती.

एवढीशी फट काय करते?

गाडीत हवा येण्याइतकेच ती बाहेर जाणेही महत्त्वाचे असते. पुढची काच उघडली आणि मागे वाट नसली, तर वारा पुढच्यांच्या तोंडावर येतो आणि मागे गरम हवा कोंडून राहते. मागच्या काचेची बिजागरी पुढच्या कडेला असते, मागची कड दोन-तीन बोटे बाहेर सरकते. गाडी धावताना त्या फटीबाहेर हवेचा दाब कमी होतो आणि आतली हवा ओढली जाते. पाऊसही फारसा आत येत नाही. बिजागरी उलट्या बाजूला लावली तर काच वाऱ्याला सूप धरल्यासारखी होईल, वेगात उखडण्याची भीती वेगळीच. मे महिन्यात पूर्व विदर्भात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा ही फट चैन राहत नाही. एसी आहे हे खरे, पण रस्त्यात गाडी बंद पडली की एसीही बंद. (संकटात बाहेर पडायला मात्र ही काच उपयोगाची नाही, कारण ती तेवढी उघडतच नाही. त्यासाठी टोकदार हातोडी गाडीत ठेवावी.)

गॅरेजमध्ये काय चुकते?

आहे त्याच काचेला भोक पाडून बिजागरी लावू, असे कोणी म्हटले तर तिथून निघा. बाजूची काच सहसा टफन्ड असते. आधी कापून, भोके पाडून, कडा घासून मग ती ६०० अंशांच्या वर तापवतात आणि झपाट्याने थंड करतात. त्यानंतर तिला ड्रिल लावले की तिचा चुरा होतो. म्हणजे काच नव्याने, मापाचा साचा देऊनच करवून घ्यावी लागते. ते महाग पडते म्हणून साधी काच किंवा अॅक्रिलिकची शीट बसवली जाते. साधी काच अपघातात सुऱ्यासारखी तुटते. मागे बहुतेकदा मुलेच बसतात, हे विसरता कामा नये. काचेच्या कोपऱ्यात आयएसआयची खूण आणि ‘आयएस २५५३’ हा क्रमांक पाहावा. बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, हाही नियम आहे.

कायदा आडवा येतो का?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत फेरबदल करण्यास मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे स्पष्ट केले. कलम १८२ अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. मात्र ‘फेरबदल’ म्हणजे गाडीचे मूळ स्वरूप बदलणारा रचनेतला बदल, असे त्याच कलमाचे स्पष्टीकरण सांगते. त्याच खाचेत त्याच मापाची सुरक्षित काच बिजागरीवर बसवणे यात मोडते का? माझ्या मते मोडू नये. पत्रा कापून सरकती खिडकी करणे नक्कीच मोडते. पण माझे मत नाक्यावर दाखवून चालणार नाही. ५० वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची असेल तर आणखी जपावे, कारण २०२१च्या नियमांना गाडी मूळ रूपात हवी असते.

खरे तर हे काम कंपनीचे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दारांची ‘रॉक्स’ आली, तिच्या मागच्या काचा खाली होतात. म्हणजे उत्तर मिळाले, पण नवी गाडी घेणाऱ्याला. तीन दारी गाडीचे हप्ते फेडत असलेल्याने काय करायचे? कंपनीने मान्यताप्राप्त उघडत्या काचेचा संच काढावा, अधिकृत सेवा केंद्रात बसवून द्यावा आणि परिवहन विभागाने एका परिपत्रकाने त्याला मोकळीक द्यावी. चाके, दिवे, सीट कव्हर यांच्या जोडसामानाची यादी लांबलचक असते. त्यात हवेला जागा मिळायला हरकत नसावी.

तोवर ज्याला बदल करायचाच आहे, त्याने आधी गोंदियाच्या परिवहन कार्यालयाला लेखी विचारावे आणि उत्तर गाडीत ठेवावे. विमा कंपनीलाही कळवावे, नाहीतर दाव्याच्या वेळी वाद होतो. आणि काम पावसाळ्याआधी करून घ्यावे. रबर नीट बसले की नाही, हे एकदा पाण्याचा पाइप मारून गॅरेजमध्येच तपासता येते.