निकाल झाकून पाहा

जिंकला की दूरदृष्टी, हरला की आडमुठेपणा! आपला न्याय असा निकालाकडे पाहून ठरतो. पोकरचा माजी जगज्जेता स्टू उंगर आणि १९९० सालचा विजेता मन्सूर मतलूबी एकदा समोरासमोर बसले. पटावर तिर्रीची जोडी, सत्ती, राजा, राणी. मतलूबीने उरलेले ३२,००० डॉलर लावले. उंगरच्या हाती नुसती दश्शी-नव्वी. तरी त्याने तेवढेच पैसे लावून पाने उघडायला लावली. मतलूबीकडे पंजी-चौकी! निव्वळ हूल होती.

'काय नजर!' असे सारे म्हणतात. पण समोर नुसता गुलाम निघता, तरी उंगर हरला असता. मग तोच निर्णय मूर्खपणाचा ठरता का? बँकेत आम्ही कर्ज मंजूर करीत असू. बुडालेले प्रत्येक कर्ज चुकीचे नसे आणि फिटलेले प्रत्येक शहाणपणाचे नसे. पाहायचे ते सही करतानाचे टिपण. मतलूबीने पटावरच्या रकमेच्या सुमारे दुप्पट लावले होते. म्हणजे पाचांत दोनदा अंदाज खरा ठरला, तरी उंगरचे नुकसान नव्हते. समोरच्याच्या खेळी वाचणाऱ्याला हा हिशेब परवडतो. नुसते धाडस उचलणाऱ्याला तीच दश्शी बुडवील.