चिकनकारीचा टाका आणि मजुरीचा हिशेब

लखनौची चिकनकारी आता केवळ नवाबी थाटाची वस्तू राहिलेली नाही. पांढऱ्या मलमलीवर पांढऱ्या दोऱ्याने शोभणारे हे भरतकाम रंगीत जॉर्जेटवर, नव्या घाटाच्या कुर्तीवर आणि लग्नाच्या लेहंग्यावर येऊन बसले आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत आणि कचेऱ्यांतही ते आता परिचयाचे झाले आहे. परंपरेचे अभिमानी या स्थित्यंतराबद्दल हळहळतात. ती हळहळ अनाठायी होय. दरबार लयाला गेले. गिऱ्हाईक बदलले की वस्तूही बदलणारच. विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. नव्या फॅशनमुळे या कलेचे जे मोल वाढले, त्यातील किती वाटा सुई धरणाऱ्या हातापर्यंत पोहोचतो?

या धंद्याची रचना पाहिली म्हणजे उत्तराची दिशा कळते. कापड बेतून शिवणारा एक, लाकडी ठशांनी त्यावर नक्षी छापणारा दुसरा. नंतर ते कापड मध्यस्थाच्या हाती लखनौ व आसपासच्या खेड्यांतील घरांत जाते. तेथे स्त्रिया घरकाम सांभाळून टाके घालतात. शेवटी धोबी छापाचा रंग धुऊन काढतो. भरतकाम करणारीला ना दुकानातील किंमत ठाऊक, ना गिऱ्हाईक. घराबाहेर पडणे कठीण, काम मागणाऱ्या पुष्कळ आणि काम देणारे मोजके; अशा बाजारात भाव कोण ठरवणार हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. मुझफ्फर अली यांनी १९८६ साली ‘अंजुमन’ या चित्रपटात याच स्त्रियांची व्यथा मांडली होती. हा प्रश्न इतका जुना आहे.

मजुरीचा परिणाम कलेवरही होतो. जाळीकामात धागा न कापता सुईने अलगद बाजूला सारावा लागतो. ‘मुर्री’चा टाका तांदळाच्या दाण्यासारखा उठावा लागतो. यास वेळ आणि डोळे दोन्ही खर्ची पडतात. परंतु मजुरी नगावारी असेल आणि गिऱ्हाइकाला बारीक टाक्याची पारख नसेल, तर लांब, घाईचे टाके घालणेच परवडते. त्यात यंत्रावरची नक्कल शेजारीच टांगलेली. खोटे नाणे खऱ्या नाण्याला चलनातून हाकलते, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा कसब नष्ट होण्याचा दोष फॅशनवर ढकलण्यापेक्षा मजुरीच्या दराकडे पाहिले पाहिजे.

कायद्याने यात काय साधले? लखनौच्या चिकनकारीला २००८ साली भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली. तिने नावाला संरक्षण मिळते. मजुरीबाबत ती मौन पाळते. कोल्हापुरी चपलेचे उदाहरण आपल्यासमोर आहेच. २०१९ साली तिलाही अशी नोंदणी मिळाली, तरी जून २०२५ मध्ये ‘प्राडा’ या इटालियन कंपनीने मिलान येथे तशाच चपला कोल्हापूरचा नामोल्लेख न करता मांडल्या, आणि टीका झाल्यावरच प्रेरणेचे मूळ मान्य केले. नगावारी कामाला किमान मजुरीची तरतूद १९४८ च्या कायद्यात होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. पण मध्यस्थांच्या साखळीत मालक कोणास म्हणावे हेच निश्चित होत नाही, तेथे तरतूद कागदावरच राहते. घरबसल्या काम करणाऱ्यांविषयीचा १९९६ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने अद्याप स्वीकारलेला नाही.

मजुरी वाढवली तर माल महागेल आणि मागणीच घटेल, असा आक्षेप व्यापारी घेतील. स्वस्त मालाच्या बाबतीत तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु जेथे गिऱ्हाईक हातकामासाठीच जादा दाम मोजते, तेथे त्या दामातून हातालाच वगळणे हा कोणता व्यवहार? १९८४ साली लखनौत स्थापन झालेल्या ‘सेवा’ संस्थेने स्त्रियांना संघटित करून, उत्तम टाके शिकवून, माल थेट गिऱ्हाइकापर्यंत नेण्याचा मार्ग दाखवला आहे. तो रुंद करणे शासनाच्या हाती आहे. काम हाताचे की यंत्राचे, आणि त्यासाठी मजुरी किती दिली, हे प्रत्येक वस्त्रावर नोंदवण्याची सक्ती केल्यास गिऱ्हाइकालाही निवड करता येईल.

वेशभूषाकाराने जुन्या नक्षीला नवा घाट द्यावा, अवश्य द्यावा. मात्र त्या नव्या घाटाच्या किमतीत टाका घालणारीचा रास्त वाटा धरला जात नाही तोवर, परंपरेचे पुनरुज्जीवन हा शब्द जाहिरातीपुरताच खरा राहील.