श्वानाश्रम काढण्यापूर्वीं

मुक्या प्राण्यावर दया करावी ह्याबद्दल आमच्या घरांतून मतभेद नाहीं. वैश्वदेव होत असे त्या घरांत काकबळीबरोबर श्वानबळीहि निघत असे; आणि जेथें तो विधि आज उरला नाहीं, तेथील गृहिणीहि उरलेली भाकरी दारच्या कुत्र्यापुढें ठेवल्यावांचून राहत नाहीं. मतभेद सुरू होतो तो घास संपल्यावर. दारच्या कुत्रीस पिलें झालीं, त्यांतील एखादें गाडीखालीं सांपडलें, किंवा शेजारच्या मुलास कुत्रें चावलें, म्हणजे त्या कुत्र्याचें धनीपण गांवांत कोणाकडेच नसतें.

आमच्या माळशिरसास हा प्रश्न आतां अधिक जवळ आला आहे. श्रीज्ञानेश्वरमहाराजांची पालखी नातेपुतें, माळशिरस, वेळापूर करीत ज्या वाटेनें पंढरीस जाते, ती वाट आतां रुंद महामार्ग झाली आहे. वाहनांचा वेग वाढला, परंतु कुत्रीं मात्र जुन्याच सवयीनें रस्ता ओलांडतात. अशीं जखमी कुत्रीं व पोरकीं पिलें उचलून आणावींत, त्यांच्यासाठीं गांवाबाहेर एक आश्रम काढावा, असें कांहीं तरुण मंडळींच्या मनांत आहे. तीं मंडळी आमच्याकडे सल्ल्यास येतात. त्यांस आम्ही जें सांगतों, तेंच येथें लिहितों.

ही कल्पना नवी नाहीं. १८३२ सालीं मुंबईंत कंपनी सरकारनें मोकाट कुत्रीं मारण्याचा हुकूम काढला व मारणाऱ्यास दर कुत्र्यामागें बक्षीस ठेवलें, तेव्हां पारशी मंडळी खवळून उठली, दंगा झाला आणि बाजार बंद पडला. परंतु दंग्यानें एकहि कुत्रें पोसलें जात नाहीं, हें शहाण्यांनीं ओळखलें. १८३४ सालीं जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शहा ह्यांच्या पुढाकारानें मुंबईचा पांजरपोळ निघाला. भुलेश्वरास तो आजहि उभा आहे. दयेस कायमचें घर मिळालें, म्हणूनच ती टिकली. अलीकडे, १९८५ पासून, मुंबईंतील ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ ही संस्था रस्त्यावरच्या कुत्र्यांची शुश्रूषा, लस व निर्बीजीकरण हें काम करीत आहे.

महाभारताच्या महाप्रास्थानिक पर्वांतील कथा सर्वांस ठाऊक आहे. मागें लागलेल्या कुत्र्यास सोडून धर्मराज स्वर्गाच्या रथांत चढेना. ह्या कथेंतून आम्ही नेहमीं दया तेवढी घेतों. परंतु तेथें अधिक महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. धर्मराजानें शंभर कुत्रीं गोळा केलीं नव्हतीं. जें एक आश्रयास आलें, त्यास त्यानें शेवटपर्यंत सोडलें नाहीं. आश्रम काढणाऱ्याचें व्रत तेंच. कुत्रें उचलून आणणें हें एका दिवसाचें काम, पण न सोडणें हें बारा-चौदा वर्षांचें.

म्हणून पहिला नियम संख्येचा असावा. एका कुत्र्यास रोजचे चाळीस रुपये धरले, तरी वीस कुत्र्यांस महिन्याचे चोवीस हजार होतात, आणि औषधपाणी निराळेंच. वर्गणीची यादी हातीं असल्याखेरीज विसावें कुत्रें घेऊं नये. जागा भरली असतां एकविसाव्यास घेणें ही दया नव्हे. त्यानें पहिल्या विसांचा घास तुटतो व त्यांच्यांत रोगराई शिरते. हिशेबाची वही प्रत्येकास पाहावयास खुली असावी, आणि संस्था रीतसर नोंदलेली असावी.

दुसरा नियम पिलांचा. आईपासून पिलूं आठ आठवड्यांच्या आंत तोडूं नये. अगदीं लहान पिलास स्वतःची ऊब राखतां येत नाहीं. दुधाआधीं त्यास ऊब हवी. गायीच्या दुधानें त्यास हगवण लागते, म्हणून पिलांसाठीं तयार मिळणारें दूध द्यावें. नवीन आलेलें पिलूं दोन आठवडे वेगळें ठेवावें. पार्व्हो नांवाच्या रोगाचें विष जमिनींत महिनोगणती टिकतें. तें एका पिलाबरोबर आंत आलें, म्हणजे आठवड्याभरांत सगळीं कोंवळीं पिलें घेऊन जातें. आमच्या मतें उत्साही मंडळींचे आश्रम मोडतात ते पैशाच्या टंचाईनें जितके, तितकेच ह्या घाईनें.

तिसरा नियम परत सोडण्याचा. बरें झालेलें धडधाकट कुत्रें निर्बीजीकरण व पिसाळरोगाची लस करून जेथून आणलें तेथेंच सोडावें. जागा रिकामी राहिली, तर दुसरीं, लस नसलेलीं कुत्रीं तेथें येतात. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशांत सर्वोच्च न्यायालयानेंहि, पिसाळलेलीं वा आक्रमक कुत्रीं वगळून, हाच मार्ग सांगितला. त्याच न्यायालयानें ७ नोव्हेंबर २०२५ रोजीं शाळा, रुग्णालयें, बसस्थानकें अशा आवारांतून उचललेलीं कुत्रीं तेथें परत न सोडतां निवाऱ्यांत ठेवण्यास सांगितलें. आश्रमांतील जागा अपंग, वृद्ध व पोरक्या जिवांसाठीं आणि अशा कुत्र्यांसाठीं राखावी.

“माणसांस पुरेसें नाहीं, तेथें कुत्र्यांचे लाड कशाला?” असा प्रश्न येतो, आणि तो हंसण्यावारी नेऊं नये. ज्याच्या मुलास कुत्रें चावलें आहे, त्याचा राग खोटा नाहीं. पिसाळरोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं, म्हणजे रोगी जवळजवळ वाचतच नाहीं. चावा झाल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी आणि विलंब न लावतां दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. हळद, चुना, मिरची ह्यांवर विसंबूं नये. परंतु ज्या गांवांतील बहुतेक कुत्र्यांस लस टोंचलेली आहे, त्या गांवांतील मुलें ह्या रोगापासून पुष्कळच निर्धास्त असतात. म्हणजे आश्रमाचें काम नीट चाललें, तर तें कुत्र्याइतकेंच मुलाचेंहि रक्षण आहे. हें गांवास पटवून दिल्याखेरीज फाटकावर पाटी लावूं नये.

वाचकभगिनींस एक विनंती आहे. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागें नामदेवमहाराज तुपाची वाटी घेऊन धांवले, ही कथा आपण मुलांस सांगतां. रस्त्याकडेला पोत्यांत बांधून टाकलेलीं पिलें पाहावींत, तर त्यांत माद्या अधिक असतात. नर पिलूं कोणीतरी राखणीस नेतो, मादीस कोणी नेत नाहीं. आश्रमांतून एक मादी पिलूं घरीं आणावें, वेळेवर लस टोंचवावी व योग्य वयांत तिचें निर्बीजीकरण करवावें. अशीं दहा घरें ज्या गांवांत निघतील, तेथें आश्रमास मोठी इमारत लागणार नाहीं.