बर्थजवळची किटली
यशवंतपूरहून लातूरला किंवा पंढरपूरला निघालेल्या रात्रीच्या गाडीत आता चटणी-भाकरीच्या डब्याशेजारी विजेची किटलीही दिसू लागली आहे. बाळाचं दूध, आजोबांचा चहा, ही गरज खरीच आहे. पण बर्थजवळचा सॉकेट त्यासाठी नाही. बहुतेक डब्यांत तिथे घरच्यासारखा २३० नव्हे, तर ११० व्होल्टचा पुरवठा असतो आणि तारा मोबाइल-लॅपटॉपच्या भाराच्या असतात. घरची १५०० वॉटची किटली तिथे जेमतेम साडेतीनशे वॉट घेते. पाणी लवकर उकळत नाही आणि तोवर तीन अँपिअरचा प्रवाह सॉकेटला तापवत राहतो. नोव्हेंबर २०२५मध्ये गाडीत किटलीवर नूडल्स शिजवल्याची चित्रफीत पसरली, तेव्हा हा दंडनीय गुन्हा असल्याचं मध्य रेल्वेने बजावलं, ते योग्यच होतं. मदुराईत २६ ऑगस्ट २०२३ रोजी उभ्या पर्यटक डब्यात चोरून आणलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागून ९ जणांचा जीव गेला. ठिणगी गॅसची असो वा विजेची, बंद डब्यातून बाहेर पडायला वाटा मोजक्याच असतात. म्हणून घरूनच थर्मास भरून न्या, आणि शेजारी किटली लावत असेल तर संकोच न करता थांबवा. पण नुसती बंदी पुरेशी नाही. चीनच्या गाड्यांत डब्याडब्यात उकळत्या पाण्याची सोय असते. रात्रभर धावणाऱ्या आपल्या गाड्यांतही योग्य वायरिंगचा असा नळ रेल्वेने द्यायलाच हवा.