स्वर आणि नाव

थोर कलावंताच्या मृत्यूनंतर समाज जे बोलतो, त्यावरून कलावंताची थोरवी कळते हे खरे. परंतु त्याहून अधिक त्या समाजाची ओळख पटते. लता मंगेशकर ६ फेब्रुवारी २०२२ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी निवर्तल्या, तेव्हा दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळण्यात आला आणि शिवाजी पार्कवर शासकीय इतमामाने त्यांना निरोप देण्यात आला. तो शोक अंतःकरणापासूनचा होता. पण चिता विझते न विझते तोच दोन वाद पेटले. शाहरुख खान यांनी दुवा मागून घातलेल्या फुंकरीला काहींनी थुंकणे ठरविले. आणि अंत्यसंस्काराच्या जागी स्मारक हवे की मैदान मोकळे हवे, यावर राजकारणी हमरीतुमरीवर आले. अखेर हा वाद थांबवा, असे हृदयनाथ मंगेशकर यांनाच सांगावे लागले.

या गदारोळात, आणि गानकोकिळेच्या जयघोषातही, लताबाईंच्या कर्तृत्वाची एक बाजू झाकली गेली. कोकिळेला मोबदला मागावा लागत नाही. लताबाईंनी तो मागितला. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातील त्यांचे गाणे देशभर गाजले, तेव्हा तबकडीवर गायिका म्हणून नाव होते ते ‘कामिनी’ या पात्राचे. फिल्मफेअर पारितोषिकांत पार्श्वगायनाला स्थान नव्हते. ते मिळेपर्यंत त्या समारंभात गाणार नाही, असे त्यांनी बजावले आणि १९५९ मध्ये तो सन्मान सुरू झाला. गायकाला गीताच्या उत्पन्नात हिस्सा हवा, या आग्रहापायी महंमद रफींशी त्यांचा बेबनाव झाला व काही वर्षे दोघांची युगुलगीते थांबली. एकदा बिदागी घेतली की गायकाचा हक्क संपला, असे रफींचे म्हणणे. त्यांच्या निरिच्छतेबद्दल आदरच आहे. पण एकाच्या निरिच्छतेवर इतरांची चूल पेटत नाही. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन व्यापारी वापराच्या मोबदल्यात कलावंताचा वाटा मान्य झाला.

ही जिद्द अनुभवातून आली होती. फोंडाघाट चढून दाजीपूरमार्गे जी वाट कोल्हापुरास जाते, त्या कोल्हापुरात, १९४२ साली पितृछत्र हरपलेल्या या मुलीने मास्टर विनायकांच्या कंपनीत छोटी कामे करून घर सावरले. कलेवर पोट असणे म्हणजे काय, हे तिला शिकवावे लागले नाही.

आणि घाटाखाली आज काय आहे? जत्रांचा हंगाम आला की सिंधुदुर्गात दशावतार रात्र रात्र रंगतो, डबलबारीत बुवांचे सवालजबाब झडतात. या रात्री आता भ्रमणध्वनीवर चित्रित होऊन मुंबईच्या चाकरमान्यांपर्यंत पोहोचतात. चित्रफितीवर चित्रण करणाऱ्याचे नाव ठळक असते. पेटीवाल्याचे व पखवाजवाल्याचे मात्र पुष्कळदा शोधूनही सापडत नाही. ‘कामिनी’चीच ही नवी आवृत्ती नव्हे काय?

लताबाईंच्या नावाने चौक उभारावेत, पुतळेही उभारावेत; आमची हरकत नाही. परंतु जत्रेच्या व्यवस्थापकांनी आणि चित्रफिती विकणाऱ्यांनी प्रत्येक साथीदाराचे नाव छापावे, उत्पन्नातील त्याचा वाटा आधी कागदावर ठरवावा. आणि ज्या रसिकांनी त्या दिवशी डोळे पुसले, त्यांनी ते नाव विचारण्याची सवय लावून घ्यावी. एवढे घडले, तरच त्या अश्रूंना अर्थ आहे.