पंगतींतले रिकामे पाट

जून महिना उजाडतो, शाळा सुरू होतात आणि दहावींत गेलेल्या मुलामुलींच्या हातीं विज्ञानाचें नवें पुस्तक पडतें. त्यांत चौकटींनीं भरलेलें एक विस्तीर्ण कोष्टक असतें. त्यास आवर्तसारणी असें म्हणतात. एकशें अठरा मूलद्रव्यांचीं नांवें, चिन्हें आणि अंक यांची ती दाटी पाहून मुलें भांबावून जातात, आणि घरोघरीं मग एकच उपाय योजिला जातो, तो पाठांतराचा. रूपावलि घोकून मोठीं झालेलीं घरें आपलीं; पाठांतराची निंदा आपण कां करावी? परंतु रूपावलीची खरी खुबी अशी कीं, 'राम' शब्द एकदां मुखोद्गत झाला म्हणजे 'देव' शब्द न घोकतांच चालवितां येतो. नेमकी हीच खुबी या सारणींतहि आहे, आणि तीच मुलांस बहुधा कोणी सांगत नाहीं.

मूलद्रव्य म्हणजे काय, एवढें प्रथम ध्यानीं घ्यावें. पाणी हें मूलद्रव्य नव्हे. त्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन असे दोन घटक वेगळे करतां येतात. मीठहि नव्हे, तें सोडियम व क्लोरीन यांच्या संयोगानें झालेलें आहे. परंतु तांबें, लोखंड, गंधक, पारा हे पदार्थ असे आहेत कीं, कोणत्याहि रासायनिक क्रियेनें त्यांचें आणखी पृथक्करण होत नाहीं. अशा पदार्थांस मूलद्रव्यें म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अशीं सुमारें ६३ मूलद्रव्यें शास्त्रज्ञांस ठाऊक झालीं होतीं. पण त्यांचा आपसांत नातेसंबंध काय, हें कोणास नीट उमगत नव्हतें.

इंग्लंडांत न्यूलँड्स या रसायनज्ञानें १८६५ सालीं असें दाखविलें कीं, मूलद्रव्यें अणुभाराच्या चढत्या क्रमानें मांडलीं असतां दर आठवें मूलद्रव्य पहिल्यासारखें निघतें. सप्तकांत सातां स्वरांनंतर पुन्हां षड्ज यावा, तसाच हा प्रकार. पण पुढें गेल्यावर त्याचे सूर जुळेनात, आणि पुढच्याच वर्षीं विद्वानांच्या सभेंत त्याची थट्टा झाली.

न्यूलँड्सचे सूर कां जुळेनात? ज्ञात तेवढीं सर्व मूलद्रव्यें त्यानें एकापुढें एक दाटीनें बसविलीं होतीं. मधें कोणी यावयाचें राहिलें असेल, ही शक्यता त्यानें बहुतांशीं गृहीत धरली नव्हती. तें धाडस दिमित्री मेंडेलीव्ह या रशियन प्राध्यापकानें केलें. सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठांत हा रसायनशास्त्र शिकवीत असे, आणि विद्यार्थ्यांसाठीं तो एक पाठ्यपुस्तक लिहीत होता. इतक्या मूलद्रव्यांची माहिती कोणत्या क्रमानें सांगावी, या अडचणींतूनच १८६९ सालीं त्याची सारणी जन्मास आली. मुलांस भिववणारें हें कोष्टक मुळांत मुलांचीच सोय व्हावी म्हणून झालें, हें पालकांनीं अवश्य लक्षांत ठेवावें.

मेंडेलीव्हनें मूलद्रव्यांची जणूं पंगतच मांडली. जेथें स्वभाव जुळेना, तेथें बळेंच कोणास न बसवितां त्यानें पाट रिकामा ठेविला आणि सांगितलें, "येथील मानकरी यावयाचा आहे." एवढ्यावरच तो थांबला नाहीं. येणाऱ्याचा अणुभार किती, घनता किती, त्याचीं संयुगें कशीं असतील, हें सारें त्यानें १८७१ सालीं आंकड्यांनिशीं छापून टाकिलें. या अनागत मंडळींस नांवें देतांना त्यानें संस्कृत संख्यावाचकें योजिलीं. ॲल्युमिनियमच्या खालचें तें एक-ॲल्युमिनियम, सिलिकॉनच्या खालचें तें एक-सिलिकॉन. अन्यत्र त्यानें द्वि व त्रि हेहि शब्द वापरले. आपणांस हें वाचून कौतुक वाटणें साहजिक आहे. मात्र तीन उसन्या शब्दांवरून ही सारणी आपल्या पूर्वजांस ठाऊक होती असा निष्कर्ष काढूं नये. मान शब्दांचा झाला. श्रम त्याचे होते.

१८७५ सालीं फ्रान्समध्यें लकॉक द ब्वाबोद्रां यानें गॅलियम नांवाचा नवा धातु शोधून काढिला. तोच मेंडेलीव्हचा एक-ॲल्युमिनियम. त्याची घनता ब्वाबोद्रां यानें मोजली ती ४.७ भरली. मेंडेलीव्हनें कळविलें कीं, ती ५.९ च्या सुमारास असावयास पाहिजे. धातु पुरता शुद्ध नसावा. ज्यानें तो धातु डोळ्यांनीं पाहिलासुद्धां नव्हता, त्यानें ज्याच्या हातांत तो होता त्यास असें सांगावें! धातु पुन्हां शुद्ध करून मोजतां घनता ५.९ निघाली. पुढें १८७९ सालीं स्वीडनमध्यें स्कँडियम आणि १८८६ सालीं जर्मनींत जर्मेनियम सांपडलें. एक-सिलिकॉनचा अणुभार ७२ व घनता ५.५ असेल असें भाकित होतें. जर्मेनियमचा अणुभार ७२.६ व घनता ५.३ आहे.

भविष्य वर्तविणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाहीं. परंतु खोटें ठरल्यास ताबडतोब पकडलें जाईल असें भविष्य वर्तविणारे थोडे. मेंडेलीव्हचीं सर्वच भाकितें खरीं झालीं असेंहि नाहीं. हायड्रोजनहून हलकीं मूलद्रव्यें असावींत असें त्यानें उतारवयांत मांडलें. तसें एकहि नाहीं, हें आज सिद्ध आहे. शास्त्र हें असें आहे. तेथें थोरांचेंहि वचन वजनकांट्यावर घातलें जातें.

आतां ही पंगत वाचावी कशी? आडव्या रांगा सात. त्यांस आवर्तें म्हणतात. उभे स्तंभ अठरा. त्यांस गण म्हणतात. रांगेंत डावीकडून उजवीकडे जातां गुणधर्म पालटत जातात. उभ्या गणांत मात्र एकाच कुळांतील मंडळी बसलेली असते. लिथियम, सोडियम व पोटॅशियम हे तिघे पहिल्या गणांतले: सुरीनें कापतां येण्याजोगे मऊ आणि पाण्याशीं गांठ पडतांच खवळणारे. आणि देवघरांतील तांब्याची पळी, चांदीचें निरांजन व गृहिणीच्या गळ्यांतील सोनें? तांबें, चांदी व सोनें हीं तिन्हीं अकराव्या गणांत एकाखालीं एक बसलेलीं आहेत. वीज वाहून नेण्यांत सर्व धातूंमध्यें याच तिघांचा क्रम वरचा लागतो.

पण एका कुळांत असे समान गुण कां यावेत? याचें उत्तर मेंडेलीव्हपाशीं नव्हतें. १८९७ सालीं थॉमसन यांनीं इलेक्ट्रॉन शोधला, १९११ सालीं रदरफोर्ड यांनीं अणूच्या मध्यभागीं केंद्रक असल्याचें दाखविलें, आणि १९१३ सालीं बोर यांनीं इलेक्ट्रॉनांची व्यवस्था कशी असावी हें मांडलें. केंद्रकांत धनभारित प्रोटॉन असतात. न्यूट्रॉनहि असतात, ते १९३२ सालीं चॅडविक यांस सांपडले. भोंवतीं कवचांकवचांनीं इलेक्ट्रॉन असतात. पहिल्या कवचांत दोन व दुसऱ्यांत आठ मावतात. पुढील कवचांचा हिशोब जरा गुंतागुंतीचा आहे. लिथियमचे इलेक्ट्रॉन २, १. सोडियमचे २, ८, १. पोटॅशियमचे २, ८, ८, १. तिघांच्याहि बाहेरच्या कवचांत एकेकच इलेक्ट्रॉन! कुळाचा स्वभाव ठरतो तो मुख्यतः या बाहेरच्या कवचावरून. सोडियम तो एक इलेक्ट्रॉन देऊं पाहतो. क्लोरीनला (२, ८, ७) एकच कमी असतो, तो घेऊं पाहतो. पाण्यांत भडकणारा एक आणि विषारी वायु दुसरा, पण या देवघेवींतून होतें तें आपल्या पानांत डावीकडे वाढलें जाणारें मीठ. ज्यांचें बाहेरचें कवच पूर्ण भरलें आहे ते हेलियम, निऑन, अर्गॉन हे वायु सहसा कोणाशींच संयोग पावत नाहींत. अर्गॉन १८९४ सालीं सांपडला तेव्हां सारणींत त्यास जागाच नव्हती. पण पंगत न मोडतां त्या कुळासाठीं एक नवा स्तंभ मांडतां आला.

आणखी एक कोडें उरलें होतें. टेल्युरियमचा अणुभार १२७.६ आणि आयोडीनचा १२६.९, तरीहि मेंडेलीव्हनें स्वभाव पाहून टेल्युरियमला आधीं बसविलें व त्याचा भार मोजण्यांत चूक असावी असें मानलें. चूक मोजण्यांत नव्हती. १९१३ सालीं मोझली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञानें क्ष-किरणांच्या साहाय्यानें दाखविलें कीं, पंगतींतील क्रम भारावरून ठरत नसून केंद्रकावरील धनभारावरून, म्हणजे प्रोटॉनांच्या संख्येवरून ठरतो. टेल्युरियमचे प्रोटॉन ५२ व आयोडीनचे ५३. हाच तो चौकटींतला अणुअंक. मोझली १९१५ सालीं गॅलिपोलीच्या रणांगणावर मारला गेला. त्याचें वय अवघें २७ वर्षांचें होतें. त्याच्या मृत्यूनें शास्त्राच्या पंगतींत जो पाट रिकामा झाला, तो मात्र पुन्हां भरला नाहीं.

असो. २०१६ सालीं शेवटच्या चार मूलद्रव्यांचें नामकरण होऊन सातव्या आवर्तांतील सर्व पाट भरले. तरी घरांतल्या मुलास मेंडेलीव्हचा आनंद अजून चाखवितां येईल. सारणींतील ब्रोमीनच्या चौकटीवर एक रुपया ठेवावा. वर क्लोरीन आहे: हिरवट पिवळा वायु, अणुभार ३५.५. खालीं आयोडीन: काळसर घन, अणुभार १२६.९. मग मुलास विचारावें, "रुपयाखालीं कोण असेल?" तें दोन्हीं अणुभारांची सरासरी काढील, ती ८१.२ येईल, वायु व घन यांच्या मधलें म्हणून द्रव असेल असेंहि कदाचित् म्हणेल. त्याचें उत्तर कागदावर लिहून घ्यावें आणि मगच रुपया उचलावा. ब्रोमीनचा अणुभार ७९.९ आहे, आणि तें तांबूस तपकिरी द्रव आहे. आधीं लिहावयाचें व मग पाहावयाचें, हा क्रम मात्र चुकूं देऊं नये; कारण साऱ्या शास्त्राचें इमान त्या क्रमांत आहे.